अपस्मार आणि विसर: अल्झायमरमधल्या फिटची पार्श्वभूमी

'अपस्मार' हा चरकसंहितेत येणारा शब्द. अप म्हणजे गेलेली, स्मार म्हणजे स्मृती. शब्दाने विसर आणि झटका एकत्र बांधले. आधुनिक वैद्यकाला त्यांचा सांधा नीट दिसायला शंभर वर्षं लागली.

१९०६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ट्युबिंगेनला डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी विसर वाढत गेलेल्या आपल्या रुग्ण ऑगुस्टे डेटर यांच्या मेंदूतले बदल मांडले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. फिट मात्र बरीच वर्षं शेवटच्या टप्प्यातली गोष्ट समजली गेली: मेंदू झिजला की कधीतरी येणारच. १९८६ मध्ये हाउझर आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनाने निदान पक्कं झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण दहातल्या एकाला फिट आल्याचं दिसलं.

खरी उलथापालथ २००७ची. अ‍ॅमिलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन. ते जास्त बनवणाऱ्या उंदरांच्या मेंदूत पलोप आणि मुके या संशोधकांच्या गटाला झटके सापडले, आणि तेही अंग जराही न हलता. म्हणजे दोष नुसत्या झिजेचा नव्हता. अ‍ॅमिलॉइडमुळे पेशी अतिउत्तेजित होतात आणि त्यांना आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. २०१७ मध्ये दोन रुग्णांच्या कवटीच्या तळातून हिप्पोकॅम्पसजवळ, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीच्या भागाजवळ, तारा पोचवल्या, तेव्हा तिथले झटके पकडले गेले, बहुतेक झोपेत. डोक्यावर लावलेल्या ईईजीला (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीला) त्यांचा पत्ताच नव्हता. म्हणून दिवसा काढलेला अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला, तरी शंका मिटत नाही. झोपेसह ईईजी करता येईल का, हे विचारावं.

घरी हे कसं दिसतं? आजी कळण्याची भाकर थापताना हात मध्येच थांबतो, नजर एका जागी खिळते, ओठ चाटल्यासारखे हलतात, बोटं पदराशी चाळा करतात. मिनिट-दोन मिनिटांत संपतं, पण पुढे बराच वेळ गोंधळ वाढलेला असतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय मिटतो, आणि निदान तिथेच हुकतं. विसर हळूहळू वाढतो; झटका अचानक येतो, अचानक जातो आणि दर वेळी जवळपास तसाच असतो. मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना दहा वर्णनांपेक्षा जास्त सांगतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तातलं सोडियम घसरून फिट येऊ शकते. गुडघेदुखीसाठी दिलेलं ट्रॅमाडॉलही फिटचा धोका वाढवतं. नवी फिट आली की आधी सोडियम, साखर आणि गोळ्यांची पिशवी तपासावी.

औषधांत १९३८ पासूनचं फेनिटोइन म्हाताऱ्या माणसाचा तोल घालवतं आणि इतर गोळ्यांशी भांडतं. त्यामुळे हल्ली लेव्हेटिरॅसिटॅमकडे कल आहे. किडनी कमजोर असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो. चिडचिड वाढली तर औषधाकडे बोट दाखवावं, स्वभावाकडे नाही. २०२१च्या चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांना लेव्हेटिरॅसिटॅम १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, ४ आठवडे दिलं. सगळ्यांचा मिळून फायदा दिसला नाही. मेंदूत छुपी अपस्मारी विद्युत हालचाल असलेल्यांचे स्मृती-विचारांच्या काही चाचण्यांतले गुण मात्र सुधारले. म्हणजे ते स्मरणशक्तीचं टॉनिक नव्हे.

फिट चालू असताना चप्पल, कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. कुशीवर वळवून घड्याळ पाहावं. ५ मिनिटांत थांबली नाही, तर १०८.