गेममधलं प्रदूषण: आधी पुसता यायचं, मग पाणी चढायला लागलं

ओसाड जमीन पुन्हा हिरवी करायच्या टेरा निलसारखा गेम आला की लोकांना वाटतं पर्यावरण हा विषय गेममध्ये हल्लीच आलाय, पण तसं नाहीये, १९८९ च्या सिमसिटी या शहर वसवायच्या गेममध्येच कोळशाचं वीजकेंद्र ३००० ला आणि अणुवीजकेंद्र ५००० ला मिळायचं, म्हणजे हातात पैसे कमी असले की माणूस कोळसाच घेणार, आणि मग धूर झाला की आजूबाजूच्या जागेचे भाव पडायचे. पुढच्याच वर्षी सिमअर्थ आला, त्यात तर अख्खी पृथ्वीच सांभाळायची होती, आणि गाया सिद्धांतवाले (पृथ्वी एखाद्या सजीवासारखी स्वतःचा तोल सांभाळते असं मांडणारे) शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक त्याचे सल्लागार होते.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९९१ चा सिव्हिलायझेशन, म्हणजे शहरं वसवत अख्खी संस्कृती वाढवायचा गेम. कारखाने वाढवले की नकाशावर शहराजवळच्या चौकोनांवर प्रदूषणाचा डाग पडायचा, तो तसाच ठेवला आणि असे डाग वाढत गेले की पृथ्वी तापून शेतीच्या जमिनीचं वाळवंट व्हायचं, किनाऱ्यावर दलदल व्हायची. पण डाग पुसायला काय लागायचं, तर एक सेटलर (वसाहत करणारी, जमिनीची कामं करणारी तुकडी) पाठवायचा, काही टर्न, म्हणजे खेळी, थांबायचं, झालं साफ! घाण केली तर झाडू मारा, एवढाच हिशोब, आणि २०१० च्या पाचव्या भागात तर तेवढंही ठेवलं नाही, प्रदूषण काढूनच टाकलं.

सहाव्या भागाच्या २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्म या पुरवणीत ते परत आलं आणि हिशोबच बदलला. कोळसा, तेल जाळलं की कार्बन सगळ्या जगाच्या खात्यात जमा होतो. सखल किनारा १, २, ३ मीटर असा ठरलेला असतो, समुद्र चढला की आधी तिथली शेतं, खाणी पाण्यात जातात, मग तो तुकडाच कायमचा बुडतो. ज्याने एकही कोळशाचं केंद्र बांधलं नाही त्याचाही किनारा जातो, आणि बांध घालायला जितका उशीर कराल तितका तो महाग पडतो. हे कुणी पाटीवर लिहून सांगत नाही, खेळता खेळता कळतं, म्हणून ते मनाला जास्त लागतं.

दक्षिण आफ्रिकेच्या फ्री लाइव्हजचा टेरा निल २०२३ चा, त्यात ओसाड जमिनीवर पवनचक्क्या लावायच्या, माती धुवायची, नदी आणायची आणि शेवटी आपलीच सगळी यंत्रं उचलून निघून जायचं. फार सुंदर वाटतं ते, पण तिथे राहणारं कुणीच नाही, आणि माणसं असताना हे कसं करायचं हा अवघड भाग अजून सिव्हिलायझेशनच्याच वाट्याला आहे.