ऑफिसच्या सायकलला कोणतं पायडल, पायात कोणता बूट?

रोज सायकलने ऑफिसला जायचं ठरवलं की आठवड्याभरात कुणीतरी जाणकार भेटतोच. "अजून साधंच पायडल? क्लिपवाले बूट घे. पाय वर येतानाही ओढता येतं, वीस-तीस टक्के फरक पडतो." हे टक्के कुठून आले ते त्याला विचारू नये, मैत्री टिकते.

क्लिपवाल्या पायडलमागे डोकं चांगलंच लावलेलं आहे, हे मात्र मान्य करायला हवं. स्कीइंगचे बूट पट्टीत अडकवणारी यंत्रणा बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने 1984 साली तीच कल्पना सायकलवर आणली. बुटाच्या तळाला एक पट्टी, ती पायडलमध्ये खट्कन बसते, टाच बाहेर वळवली की सुटते. पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने ही पायडलं वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतीत पाय पायडलला बांधणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांचे दिवस भरले. 1990 मध्ये शिमानो या जपानी कंपनीने लहान पट्टी बुटाच्या तळात आत लपवली, त्यामुळे निदान चालता तरी येऊ लागलं. हे सगळं शर्यतीच्या गरजेतून जन्मलं. आपली गरज काय, ते थोडं गणित मांडून बघू.

सपाट रस्त्यावर आरामात ऑफिसला जाणारा माणूस साधारण 100 वॉट शक्ती लावतो असं धरू. क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा, 170 मिलिमीटर लांबीचा, मिनिटाला 60 फेऱ्या. यावरून पायडल फिरवण्याच्या दिशेने लागणारं सरासरी बल निघतं सुमारे 94 न्यूटन, म्हणजे साडेनऊ किलो वजनाइतकं. दोन्ही पाय आळीपाळीने दाबतात, त्यामुळे एका पायाचं बल कमी-जास्त होत राहतं. तरी सर्वांत जोराच्या क्षणी ते पंधरा किलोच्या आसपास जातं. घरगुती सिलिंडरमध्ये जेवढा गॅस भरलेला असतो, साधारण तेवढं वजन. एवढ्यासाठी कार्बन फायबरचा कडक तळवा लागत नाही. रोजचे कॅनव्हासचे बूट हे काम निमूटपणे करतात.

आता त्या ओढण्याबद्दल. पाय वर येताना आपण पायडल ओढतो असं वाटतं खरं, पण बल मोजणारी पायडलं लावून पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. बहुतेक लोकांचा, अगदी कसलेल्या सायकलपटूंचाही, वर येणारा पाय पायडलवर थोडा रेललेलाच असतो. एका पायाचं वजन शरीराच्या साधारण सहाव्या भागाइतकं असतं. ते उचलायचं काम बरंचसं खाली जाणारा दुसरा पायच करतो. मुद्दाम ओढायला सांगितलं, तर बलाची दिशा कागदावर सुधारते, पण तेवढ्याच कामासाठी शरीर जास्त ऑक्सिजन खर्च करतं. मांडी पुढे उचलणारे स्नायू त्या कामात दाबणाऱ्या स्नायूंइतके काटकसरी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कोलोरॅडो विद्यापीठात 2016 च्या सुमारास धावण्याचे बूट आणि साधं पायडल यांची क्लिपवाल्या जोडीशी तुलना झाली. 50 ते 150 वॉटच्या टप्प्यात ऊर्जेच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. जीव तोडून स्प्रिंट मारताना क्लिपवाल्यांची ताकद नक्कीच जास्त भरते. पण सिग्नल सुटल्यावर ऑफिसला जाणाऱ्याने स्प्रिंट मारावी असे आपले रस्ते नाहीत.

तेव्हा प्रश्न उरतो तो पाय न घसरण्याचा. जुलैच्या पावसात तो एकदम जिव्हाळ्याचा होतो.

दूधवाल्याच्या जुन्या सायकलचं पायडल जवळून बघा. लोखंडी चौकटीत रबराचे दोन ठोकळे असतात आणि त्यांच्यावर कधीकाळी आडव्या रेषांची नक्षी होती. मधला भाग आता आरशासारखा गुळगुळीत झालेला, कडांना तेवढ्या रेषा शिल्लक. कोरड्या दिवशी रबरावर रबर घट्ट बसतं, कारण मऊ रबर समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणात रुतून बसतं. पाणी आलं की मधे पातळ थर अडकतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना भेटतच नाहीत. नक्षी असेपर्यंत त्या पाण्याला पळायला वाट होती. ती झिजली की वाट बंद. त्यात पायात ओली स्लीपर असेल तर पाय दोनदा घसरतो, चप्पल पायडलवर आणि पाय चपलेत. दुसरी घसरण कुठल्याही महागड्या पायडलने थांबत नाही, त्याला टाचेमागे पट्टा असलेलं पादत्राणच लागतं.

यावर उपाय म्हणजे रुंद, सपाट पायडल आणि त्यावर चार-पाच मिलिमीटर उंचीच्या बारीक खिळ्या. खिळीच्या टोकाचं क्षेत्रफळ इतकं कमी असतं, की तिथला दाब पाण्याचा थर सहज फोडतो आणि खिळी बुटाच्या रबरात रुतते. मग प्रश्न घर्षणाचा राहतच नाही, रबर फाटल्याशिवाय पाय सरकू शकत नाही. बूट मात्र सपाट, मऊ रबराच्या तळाचा हवा. खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट दिसायला दणकट, पण खिळ्या त्या खाचांत कुठेही पडतात आणि पकड दर वेळी वेगळी मिळते. फॉर्मल बुटांच्या कडक तळव्यात खिळ्या रुतत नाहीत, उलट तळवे ओरबाडून निघतात. तसे बूट घालूनच जायचं असेल, तर पॉलिश पेपरसारखा खरबरीत थर दिलेली पायडलं मिळतात, ती घ्यावीत. खिळ्यांचा दुसरा तोटा नडगीला कळतो. तो कसा, हे एकदा कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

खरी परीक्षा थंडीत. आपल्याकडची थंडी सायकलवाल्याला फार तर सुखावते, पण मिनीॲपोलिस किंवा टोरंटोला राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रश्न डिसेंबरात पडतोच. फिनलंडमधलं औलू हे 65 अंश उत्तर अक्षांशाजवळचं शहर. तिथे बर्फातही लोक शाळेला, कामाला सायकलने जातात आणि हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद 2013 साली तिथेच भरली.

उणे 10 अंशांत वारा अजिबात नसला, तरी ताशी 20 किलोमीटरने जाणारा सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. अमेरिका आणि कॅनडात वापरतात त्या सूत्राप्रमाणे उघड्या चेहऱ्याला ते उणे 18 सारखं लागतं. पाय बुटात असतो म्हणून सूत्र त्याला जसंच्या तसं लागू नाही, पण बुटाच्या बाहेरच्या बाजूवर तोच वारा आदळत असतो. शिवाय पायडल मारताना पाऊल जवळजवळ वाकतच नाही. चालताना पोटरी आणि पाऊल मिळून रक्त खेळतं ठेवतात, इथे बोटं नुसती बसून असतात. धड गार पडू लागलं, की शरीर आधी हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून बोटं बधिर व्हायला लागली, तर उतरून सायकल हातात धरून दोन-चार मिनिटं भराभर चालणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय.

धातूच्या पायडलमधून पायाला गारवा लागतो, प्लॅस्टिकचं घ्या, असंही सांगतात. आकडे त्या बाजूने आहेत: ॲल्युमिनियम नायलॉनच्या कित्येक शे पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पण उष्णतेला आधी बुटाचा तळवा ओलांडायचा असतो. दीड-दोन सेंटिमीटर रबर आणि फोम मधे असताना खाली कोणता धातू आहे याने फारसं बिघडत नाही. गडबड होते ती क्लिपच्या बुटांत. त्यांचा तळवा पातळ, आणि पट्टीचे स्क्रू थेट पायाच्या चवड्याखाली येतात. बाहेर लोखंड, आत लोखंड. त्यातून बर्फावर पाय टेकला, की पट्टीच्या खाचेत बर्फ दाबून बसतो आणि मग ती पायडलमध्ये शिरत नाही. शिरलीच आणि ऐन निसरड्या वळणावर सुटली नाही, तर काय, ते लिहायला नको.

थंडीत जीव खरा वाचवते ती हवा. स्थिर हवा पाण्याच्या मानाने सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहू देते. म्हणून एक नंबर मोठा बूट, आत लोकरीचा एकच जाड मोजा, आणि बोटं हलवायला जागा. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन मोजे कोंबणारे लोक हवाही घालवतात आणि रक्तही अडवतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल फारशी न जाणवू देता पोटात ठेवते. सुती मोजा ओला झाला, की ओलाच राहतो.

जाड बूट आले की सायकलही थोडी जुळवून घ्यावी लागते. तळवा दोन सेंटिमीटरने वाढला तर सीट अंदाजे तेवढीच वर घ्या, नाहीतर गुडघे कुरकुरतात. रुंद बूट क्रँकला घासतो का, आणि हळू वळताना त्याचं टोक पुढच्या मडगार्डला लागतं का, हे बर्फावर जायच्या आधी सोसायटीच्या आवारातच पाहून घ्यावं. पाय पायडलवर थोडा पुढे सरकवून, म्हणजे पायडलचा आस चवड्याऐवजी पावलाच्या मध्याकडे येईल असा ठेवला तरी चालतं. या बदलाने दमणूक वाढत नाही, पण टोक आणखी पुढे जातं, तेव्हा मडगार्ड पुन्हा बघा.

पायडल घरीच बदलायचं असेल तर बहुतेकांना 15 चा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. याचं कारण मजेशीर आहे. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं बाहेरचं टोक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल फिरवा. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट्या दिशेने गरगरते. पायडलचा आस क्रँकच्या भोकात हेच करतो. पायाचा दाब त्याला सतत भोकाच्या वेगवेगळ्या कडेवर लोळवत असतो आणि हळूहळू तो स्वतःभोवती फिरतो. पायडलच्या बेअरिंगमधल्या छर्‍यांचं घर्षण उलट बाजूला ओढतं, पण ते फार क्षीण. डावीकडे सरळ आटे असते तर पायडल चालता चालता निघून आलं असतं. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी 1900 साली आपल्या सायकलींना एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला उलटे आटे दिले, ते याचसाठी. तेव्हा दोन्ही पायडलं काढताना पाना वरच्या बाजूला उभा धरून सायकलच्या मागच्या चाकाकडे वळवायचा, आणि नवी बसवताना आट्यांना ग्रीस लावायचं. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात राहत असाल तर भरपूर लावायचं, नाहीतर मार्चमध्ये ती पायडलं पाइप घालून, दोघांनी लटकूनच निघतील.