डेस्कटॉप लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हरची निवड

ग्राफिक्स चिपकडून काम करवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये त्याचे दोन भाग पडतात. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; त्यातला भाग मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि चिपची मेमरी सांभाळतो. कर्नलबाहेरचा भाग ओपनजीएल व व्हल्कन या चित्र काढण्याच्या प्रमाणित भाषांतल्या आज्ञा चिपला कळतील अशा करून देतो. हे दुसरे काम बहुतेक ठिकाणी मेसा हा मुक्त (ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असा) प्रकल्प करतो. ब्रायन पॉल यांनी तो १९९३ मध्ये सुरू केला.

निवड म्हणायची, पण इंटेल व एएमडीच्या चिपवर ती करावी लागत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानावर हळदीच्या हिशेबपट्ट्या काढणाऱ्या जुन्या संगणकात सहसा इंटेलची अंगचीच चिप असते. तिचा आय९१५ ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, वेगळे काही टाकायचे नसते. एएमडीचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून, म्हणजे ४.२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. फार जुन्या कार्डांना रेडिऑन हा ड्रायव्हर लागतो.

खरा पेच एनव्हिडियाचा. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर चिपचा उलगडा बाहेरून करत लिहिला गेला आणि २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत आला. पुढे जीटीएक्स ९०० मालिकेपासून चिपच्या आत चालणारे फर्मवेअर, म्हणजे चिपचे स्वतःचे सॉफ्टवेअर, कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीचेच हवे अशी अट आली. त्यामुळे त्या आणि त्यानंतरच्या जीटीएक्स १००० मालिकेतल्या कार्डांचा वेग नूव्होला वाढवता येत नाही; कार्ड दणकट, चाल मात्र कूर्मगती. विश्रामबागेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कुडा, म्हणजे ग्राफिक्स चिपवर गणिते करण्याची एनव्हिडियाची प्रणाली, वापरायचे असेल, तर कंपनीच्या ड्रायव्हरला पर्याय नाही. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपला कर्नलमधला भाग खुला केला, पण तो ट्युरिंग पिढीपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६ व आरटीएक्स २० मालिकांपासून चालतो. कर्नलबाहेरचा भाग अजून बंदिस्तच आहे. म्हणून जुन्या बाजारात कार्ड घेताना किमतीआधी पिढी विचारावी. केप्लर या जुन्या पिढीच्या कार्डांसाठी कंपनीच्या ड्रायव्हरची ४७० ही जुनी शाखा लागते, आणि अशा शाखा नव्या कर्नलवर अडतात.

कंपनीचा ड्रायव्हर तिच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवण्याची सवय विंडोजवरून आलेली आहे, ती सोडलेली बरी. आपल्या वितरणाच्या, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या, भांडारातले पॅकेज घ्यावे. उबुंटूत त्यासाठी ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ आहे. कर्नल बदलला की डीकेएमएस हे साधन मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग, पुन्हा बांधते. हे चालू असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी काळा पडदा दिसू शकतो. सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय, चालू असल्यास मॉड्यूलला स्वाक्षरी लागते व तिची चावी रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर नोंदवावी लागते. घाईत तो पडदा ओलांडला, तर ड्रायव्हर बसलेला दिसूनही चालू होत नाही.

सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे ते ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह (lspci -k) दिल्यावर कळते. पडदा उमटतच नसेल, तर संगणक सुरू होतानाच्या बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिहून तात्पुरते आत शिरता येते. त्या वेळी चित्र काढण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो.