वाइन टिकवणं वेगळं, मुरवणं वेगळं

"दाजी, राहू द्या अजून. वाइन जितकी जुनी तितकी भारी." लातूरला आमच्या घरी काचेच्या कपाटातली बाटली बघून मेहुणा दर दिवाळीला हेच म्हणायचा आणि मी ती परत आत ठेवायचो. नाशिकहून आणलेली साधी शिराझ, म्हणजे लाल वाइन होती. तीन उन्हाळे ती त्या कपाटात उभी राहिली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायला घेतली, तर वरच्या आवरणाखाली चिकट, काळपट ओघळ सुकलेला होता आणि बूच काचेच्या कडेपेक्षा जरासं वर आलेलं होतं. ग्लासात ओतल्यावर कडेचा रंग विटेसारखा दिसला. वास शिजवलेल्या मनुकांचा, चव नुसती आंबट-तुरट. बायकोने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आमचं चुकलं ते दोन शब्दांमध्ये: टिकवणं आणि मुरवणं.

मुरणं म्हटलं की आपल्याला लोणच्याची बरणी आठवते. ठेवली की चांगलीच होणार, असा भरवसा त्या शब्दातच आहे. वाइनही मुरते, पण तिच्यात मुरण्याजोगं काही असेल तरच. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. त्याचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना जोडले जातात, जड होतात, तळाशी साका होऊन बसतात आणि वाइन जिभेला मऊ लागायला लागते. ताज्या फळाचा वास जाऊन सुकामेवा, तंबाखूचं पान, ओली माती असे वास येतात. हा प्रवास झेपायला मुळात भरपूर टॅनिन, आंबटपणा किंवा साखर लागते. फ्रान्सच्या बोर्दोतल्या चांगल्या बाटल्या, इटलीतली बारोलो, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट ही त्या जातीची वाइन. पांढऱ्यांमध्ये जर्मनीची चांगली रीसलिंगही दशकं काढते.

बाकी बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यावी म्हणूनच बनवलेली असते. फ्रान्समधली ब्योजोले नुव्हो तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि काही महिन्यांत संपवायची असते. आपल्याकडे दुकानात मिळणारी पांढरी सोव्हिन्यों ब्लांक, शेनिन ब्लांक, गुलाबी रोझे यांचं सगळं सौंदर्य ताजेपणात आहे. ती ठेवून मुरत नाही, नुसती शिळी होते. म्हणून घरी आणलेल्या दहापैकी नऊ बाटल्यांसाठी आपल्याला मुरवणं शिकायचंच नाही. विकत घेतली तशी ती प्यायच्या दिवसापर्यंत राहावी, एवढंच बघायचं. हे टिकवणं.

निव्वळ टिकवण्याचं एक थक्क करणारं उदाहरण आहे. 2010 मध्ये बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ बुडालेल्या एका जहाजात पाणबुड्यांना शॅम्पेनच्या 168 बाटल्या सापडल्या. सुमारे 170 वर्षं त्या समुद्रतळाशी होत्या आणि त्यातल्या काही अजून पिण्याजोग्या निघाल्या. तिथे अंधार होता, कायमची थंडी होती आणि त्यांना हलवायला कोणी नव्हतं.

आपल्याकडे नेमकं याच्या उलट. लिंबाचं लोणचं आपण उन्हात ठेवतो, ते लवकर मुरतं. त्यावरून वाटतं की गरमीत वाइनही लवकर मुरत असेल. तसं होत नाही. उष्णतेने बाटलीतल्या सगळ्या रासायनिक क्रिया वाढतात, पण सारख्या प्रमाणात नाही. फळाचा वास आधी उडतो, रंग तपकिरी पडतो, मऊपणा मात्र येत नाही. म्हणजे तीन उन्हाळे तापलेली बाटली दहा वर्षं मुरलेल्या बाटलीसारखी कधीच लागणार नाही. ती उकडलेली असते. शिवाय तापल्यावर आतला द्रव फुगतो, बूच वर ढकलतो, गार झाल्यावर आत हवा ओढली जाते. माझ्या बाटलीवरचा चिकट ओघळ तोच होता.

वाइन ठेवायला 12 ते 14 अंश सेल्सिअस उत्तम समजतात, आणि आकड्याइतकंच ते कायम राहणंही महत्त्वाचं. आमचं गावाकडचं घर माळवदाचं आहे. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचं छत. मी मे महिन्यात आठवडाभर तिथल्या मधल्या खोलीत भिंतीतल्या फडताळात खालच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवला. बाहेर 42 असताना आत 31, रात्रीही जवळपास 30. शहरातल्या स्लॅबच्या घरात स्वयंपाकघराच्या माळ्यावर दुपारी 39 आणि पहाटे 33. माळवद जिंकलं, मला फार आनंदही झाला. पण 31 अंश स्थिर असले तरी वाइनसाठी ते जास्तच.

मग तळघर? इथे मीही फसलो होतो. जमिनीत खोल गेलं की तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं. फ्रान्सच्या वाइनच्या भागात ती सरासरी 12 अंशांच्या आसपास, म्हणून तिथलं तळघर आपोआप वाइनचं कोठार होतं. मराठवाड्यात ही सरासरी 26-27 अंश. इथलं तळघर ज्वारीला छान, वाइनला नाही. पुस्तकात "सामान्य तापमानाला ठेवा" असं लिहिलेलं असतं, तेही तिकडच्या सोळा-अठरा अंशांच्या खोलीबद्दल असतं.

टिकवायचीच असेल तर घरचा फ्रिज पुरेसा आहे. चार-पाच अंश हे गरजेपेक्षा थंड, पण काही आठवडे, अगदी दोन-तीन महिने बाटली ठेवली तरी बिघडत नाही. भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, दाराला नको, कारण दार उघडझाप करताना हलतं आणि तापतं. लाल वाइन प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. मुरवायला मात्र हा फ्रिज चालत नाही. आतली हवा कोरडी असते, काही महिन्यांत बूच आकसायला लागतं, आणि त्या थंडीत मुरणं जवळपास थांबतं.

खरंच मुरवायची बाटली हाती आली, तर वाइनसाठीचं वेगळं कपाट घ्यावं लागतं. घेताना एक गोष्ट नक्की विचारा: आत कॉम्प्रेसर आहे का? स्वस्त, आवाज न करणारी कपाटं थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय नुसत्या विजेने गार करणारी असतात. ती बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच गार करू शकतात. बाहेर 40 असेल तर आत 14 ही अपेक्षा त्यांच्याकडून पुरी होत नाही. लाईट गेली तर घाबरू नका, दार उघडू नका. भरलेलं कपाट काही तास गारवा धरून ठेवतं.

आडवी की उभी, यावर फार वाद नको. बूच असेल तर आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. आट्याचं झाकण असेल तर कशीही. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंगवाल्यांनी 2000 साली मिळून बूच सोडून आट्याचं झाकण लावलं, त्यामुळे आट्याचं म्हणजे हलकं हा समज सोडून द्या. व्हिस्की मात्र उभीच ठेवायची, कारण तिच्यातलं जवळपास 43 टक्के अल्कोहोल बूच खातं. बाटलीबंद व्हिस्की मुरतही नाही, ती जे काही मुरते ते लाकडी पिपात. व्हिस्कीच्या सवयीने आपण वाइनलाही शोकेसमध्ये मिरवतो, तिथेच घोटाळा होतो. उजेडाने, विशेषतः पारदर्शक काचेतल्या पांढऱ्या वाइनला, कुजक्या कोबीसारखा वास येऊ शकतो.

उघडलेल्या बाटलीचं गणित तर अगदी सोपं. बूच परत लावून लगेच फ्रिजमध्ये, लालही. तीन ते पाच दिवस चव राहते, मग हवेतल्या प्राणवायूने आणि जिवाणूंनी ती व्हिनेगरच्या वाटेला लागते.

आता मी बाटली आणतो तीही थंडीच्या दिवसांत. एप्रिलमध्ये नाशिकहून लातूरला गाडीच्या डिकीत दिवसभर आलेली पेटी घरी येईपर्यंतच अर्धी गेलेली असते. दुकानातही समोर उन्हात मांडलेली बाटली नको म्हणतो, आतल्या पेटीतली मागतो. घरी आल्यावर पूर्वी डॉक्टर औषधाच्या बाटलीला लावायचे तशी कागदी पट्टी बाटलीला लावून त्यावर महिना आणि साल लिहितो. अकलूजकडे इटलीतून आलेल्या सांजोव्हेसे द्राक्षांचे मळे आहेत, तिथली एक लाल बाटली सध्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी आहे. पट्टीवर लिहिलंय, डिसेंबर. मेहुणा येत्या रविवारी येतोय, तेव्हाच उघडणार आहे.