चिघळलेल्या जुनाट जखमांवरील नॅनोपदार्थ

नीट उपचार करूनही चार ते सहा आठवड्यांत भरून न येणारी जखम जुनाट मानतात. तिच्यातला संसर्ग आटोक्यात आणण्यासाठी वापरले जाणारे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण आणि तितकेच बारीक तंतू म्हणजे या नोंदीतले नॅनोपदार्थ. नॅनोमीटर हा मीटरचा अब्जावा भाग. म्हणून त्यांना ‘अब्जांश पदार्थ’ असेही म्हणतात.

सोलापुरात ‘शुगरची जखम’ म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना तापलेल्या डांबरावर पाय भाजला तरी चटका जाणवत नाही. चपलेतून घुसलेला खिळा घरी फरशीवर रक्ताचा ठसा दिसल्यावर कळतो. पंढरपूरला अनवाणी निघालेल्या मधुमेही वारकऱ्यालाही हाच धोका असतो. यंत्रमागासारख्या तासन्‌तास उभे राहण्याच्या कामात पायाच्या शिरा फुगतात आणि घोट्याजवळ कातडी फाटून जखम होते; तिचे मूळ वेगळे, पण चिघळणे तेच.

अशा जखमेवर जिवाणू सुटे राहत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू स्वतःभोवती बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करतात. थराच्या तळाशी ते जवळजवळ निद्रिस्त असतात आणि वाढणाऱ्या जिवाणूंवर चालणारी प्रतिजैविके तिथे थिटी पडतात. गोळ्यांचे कोर्समागून कोर्स होऊनही पू थांबत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

चांदीच्या नॅनोकणांतून आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, हळूहळू सुटतात आणि जिवाणूचे आवरण, प्रथिने व डीएनए अशा अनेक ठिकाणी एकदम घाव घालतात. झिंक ऑक्साइडचे कण ऑक्सिजनची उग्र रूपे निर्माण करतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसान धनभारित असल्याने जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटते. विद्युतभाराने ओढलेल्या नॅनोतंतूंची जाळी शरीरातल्या पेशींमधल्या जाळीसारखी असते, त्यामुळे नव्या पेशींना चढायला आधार मिळतो. यांपैकी चांदीची ड्रेसिंग बाजारात रुळली आहेत. बाकीचे बरेचसे अजून प्रयोगशाळेत आहे.

चादरी-टॉवेलांच्या या गावाला सुती धागा पाणी कसा शोषतो हे सांगायला नको. जखमेवर मात्र हाच गुण नडतो: कोरडा गॉज स्राव पिऊन वाळतो, चिकटतो आणि काढताना कोवळी लाल मांसकणी सोबत उपटून आणतो. न चिकटणाऱ्या, ओलावा राखणाऱ्या थरात नॅनोकण बसवतात ते यासाठीच. एक बारकावा घरी ड्रेसिंग करणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावा. चांदीची काही ड्रेसिंग सलाइनने नव्हे, निर्जंतुक पाण्याने भिजवायची असतात; सलाइनमधला क्लोराइड चांदीशी बांधला जातो आणि तिचा जोर कमी होतो.

चांदी जास्त झाली तर त्वचेच्या नव्या पेशींनाही इजा होते, म्हणून स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर ती लावत राहू नये. मेलेले मांस काढणे, पायावरचा भार हटवणे, रक्तपुरवठा तपासणे आणि साखर ताब्यात ठेवणे ही कामे कोणताही कण करत नाही. ड्रेसिंग बदलताना जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवतात. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर चांदी थांबवून निदान पुन्हा तपासतात.