पुश की स्लाइस? पावसाळी जाळ्यासमोरचा घोटाळा

"हिवाळ्यात खेळ बंद असतो, तेव्हा स्विंगवर (चेंडू मारताना काठी फिरवण्यावर) काम करा," असा सल्ला गोल्फबद्दलच्या लिखाणात ढिगाने मिळतो. तो लिहिणाऱ्यांच्या मैदानावर डिसेंबरात बर्फ असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे कोरडी जमीन, गार सकाळ आणि खेळाचा ऐन हंगाम. कोकणातल्या गोल्फरचा हिवाळा जूनमध्ये येतो आणि नवरात्राच्या आसपास जातो. खारघरचं सिडकोचं मैदान काय किंवा पुण्यातलं येरवड्याचं काय, सिंधुदुर्गातून दोन्ही लांब, आणि धो धो पावसात घाट चढून खेळायला जाण्याची हौस फार थोड्यांना. मग पडवीत नाहीतर मांगरात जाळं टांगायचं, चटई टाकायची आणि तीन मीटरवरून चेंडू हाणत बसायचं. सल्ला चांगलाच आहे, फक्त महिने बदलून घ्यायचे.

घोटाळा होतो तो निदानात. हंगामभर ज्याचा चेंडू उजवीकडे गेला, तो "मला स्लाइसचा त्रास आहे" असं ठरवून टाकतो आणि पावसाळाभर स्लाइसवरचे उपाय करतो. पण उजवीकडे गेलेला प्रत्येक चेंडू स्लाइस, म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा, नसतो. त्यातले पुष्कळ पुश, म्हणजे न वळता सरळ उजवीकडे जाणारे, असतात, आणि पुशवर स्लाइसचं औषध घेतलं की पुश वाढतो. (पुढे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.)

चेंडू आणि क्लब (मारायची काठी) एकमेकांना टेकलेले असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात दोन गोष्टी ठरतात: क्लबचं तोंड (चेंडूला लागणारी सपाट बाजू) कुठे बघत होतं, आणि क्लब कोणत्या वाटेने चालला होता. चेंडू निघतो तो बहुतांशी तोंड बघत असेल त्या दिशेने. पुढे हवेत तो वळेल की नाही, हे तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकावर ठरतं. वाटेच्या मानाने तोंड उजवीकडे उघडं असेल तर चेंडूच्या फिरकीचा आस उजवीकडे कलतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. तोंड आणि वाट एकाच दिशेला असतील तर चेंडू वळत नाही, मग ती दिशा चुकीची का असेना.

बरीच वर्षं नेमकं उलटं शिकवलं जायचं: चेंडू वाटेने निघतो आणि मग तोंडाच्या दिशेला वळतो. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या कंपन्यांची चेंडू आणि क्लबची दिशा मोजणारी रडारं मैदानात आल्यावर ही समजूत मोडीत निघाली. तरी जुन्या खेळाडूंच्या तोंडून ती अजून ऐकू येते, आणि पुश-स्लाइसचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता दोघांना शेजारी उभं करू. पुशमध्ये तोंड उजवीकडे आणि वाटही जवळजवळ तितकीच उजवीकडे. चेंडू उजवीकडे निघतो आणि सरळ रेषेत तिकडेच जातो. फटका बहुतेक वेळा छान बसलेला असतो. आवाज भरदार, हाताला झिणझिण्या नाहीत, म्हणून तर खेळणारा चक्रावतो. स्लाइसचा नेहमीचा नमुना वेगळा. वाट बाहेरून आत, म्हणजे डावीकडे जाणारी, आणि तोंड त्या वाटेच्या मानाने उघडं. असा चेंडू पुष्कळदा लक्ष्याच्या डावीकडे निघतो, मग हवेत विचार बदलल्यासारखा उजवीकडे वळतो आणि अंतरही गमावतो. हेच वळण थोडकं आणि ताब्यात असेल तर त्याला फेड म्हणतात. अमेरिकेच्या जॅक निकलसची भिस्त मुख्यतः फेडवर होती आणि त्याने १८ मेजर (गोल्फमधल्या सर्वात मानाच्या) स्पर्धा जिंकल्या, तेव्हा उजवीकडचं वळण म्हणजे रोगच असं समजायचं कारण नाही.

मोकळ्या मैदानावर हा फरक आंधळ्यालाही कळावा. जाळ्यासमोर तो लपतो, कारण तीन मीटरमध्ये चेंडूला वळायला वेळच मिळत नाही. हिशोब करून पाहा. लक्ष्याच्या ५ अंश उजवीकडे निघालेला पुश तीन मीटरवरच्या जाळ्यात मधल्या खुणेपासून २६ सेंटिमीटर उजवीकडे लागतो. १८० मीटरवर तोच चेंडू सुमारे १६ मीटर बाहेर असतो. उलट ३ अंश डावीकडे निघालेला स्लाइस जाळ्यात १६ सेंटिमीटर डावीकडे लागतो. पुढे तो उजवीकडच्या झाडीत गेला असता, हे जाळं सांगत नाही. म्हणजे पडवीत ज्याचे चेंडू सतत उजवीकडे लागतात, त्याच्यावर पहिला संशय पुशचा घ्यायचा. स्लाइसवाल्याचे चेंडू मध्यावर किंवा थोडे डावीकडे लागत असतात आणि तो "आज काय सरळ जातायत!" म्हणून खूश असतो.

आमचं जाळं म्हणजे मासेमारीच्या जुन्या डोल जाळ्याच्या शेपटाकडचा बारीक विणीचा तुकडा, दुहेरी करून सैल सोडलेला. गोल्फचा चेंडू कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे वीण त्याहून बरीच बारीक हवी. आणि जाळं ताठ ओढून बांधलं तर चेंडू उलटा अंगावर येतो. ज्यांनी तो तुकडा दिला ते वाडीतले काका एकदा बघायला आले. गोल्फशी त्यांचं काही देणंघेणं नाही. क्लबकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ जाळ्यापाशी गेले, दोन बोटांत वीण धरून झिजलेले दोरे चाचपत म्हणाले, "झिला, सगळी भोकां उजव्या अंगाकच कशी रे?" आमच्यातल्या ज्या मित्राने स्लाइसचा धोशा लावला होता, त्याचीच ती करामत. उजव्या अंगाला, खुणेपासून वीत-सव्वा वीत, एकाच ठिकाणी. इतक्या एका जागी लागणारे चेंडू बिघडलेल्या स्विंगचे नसतात, चुकीच्या दिशेला मारलेल्या चांगल्या स्विंगचे असतात.

निदानाला एवढं महत्त्व का, तर दोन्हीकडचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. स्लाइसवाल्याला सगळे सांगतात, "क्लब आतून (आपल्या अंगाच्या बाजूने) आण." बरोबरच आहे, त्याची वाट बाहेरून येते. पुशवाल्याचा क्लब मुळातच नको तितका आतून येतो. त्याने हा सल्ला पाळला तर वाट आणखी उजवीकडे जाते आणि पाच अंशांचे आठ होतात. मग कधीतरी घाबरून तो मनगटं वळवतो आणि चेंडू हुक होऊन, म्हणजे जोरात डावीकडे वळून, डावीकडच्या पाण्यात. "कधी उजवीकडे, कधी डावीकडे, माझं काही खरं नाही" असं म्हणणारे बरेचजण खरं तर एकाच दोषाचे धनी असतात.

डावीकडे नेम धरण्याची गंमतही अशीच. पुशवाल्याने डावीकडे नेम धरला तर त्या दिवसापुरतं भागून जातं. स्लाइसवाल्याने धरला तर खांदे डावीकडे उघडतात, वाट आणखी बाहेरून येते, चेंडू आणखी वळतो, म्हणून तो आणखी डावीकडे नेम धरतो. खाज खाजवल्यावर वाढते तसं.

जाळ्यावर विसंबायचं नसेल तर हंगामातल्या आठवणी उकरून काढा. सर्वात खात्रीची खूण आपल्याच पिशवीत असते: ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याचा क्लब) आणि नऊ नंबरचं आयर्न (जवळच्या फटक्याचा). ड्रायव्हरच्या तोंडाचा तिरपेपणा दहा अंशांच्या आसपास, नऊ नंबरचा चाळिशीच्या घरात. तिरपेपणा जास्त तर मागे फिरणारी फिरकी जास्त, आणि त्या मानाने आस कमी कलतो. म्हणून स्लाइस ड्रायव्हरने जोरात दिसतो आणि छोट्या आयर्नने जवळजवळ नाहीसा होतो. उलट बाहेरून आत येणाऱ्या वाटेमुळे नऊ नंबरचा चेंडू सरळ डावीकडे जातो. ड्रायव्हर उजव्या झाडीत आणि नऊ नंबर ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) डावीकडे, असं असेल तर स्लाइसच. दोन्ही उजवीकडे, दोन्ही न वळता, तर पुश. हा एक प्रश्न विचारला की निम्म्याहून जास्त लोकांचं निदान बसल्या जागी होतं, असं माझं मत आहे.

तिसरा एक आरोपी राहतो. ड्रायव्हरच्या तोंडावर चेंडू दांड्याच्या बाजूला लागला तर क्लबचं डोकं किंचित वळतं आणि चेंडूला उजवीकडची फिरकी मिळते. तोंड आणि वाट दोन्ही ठीक असतानाही चेंडू स्लाइससारखा वळतो. हे शोधायला यंत्र नको. तोंडावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, एक फटका मारा, कुठली पावडर पुसली ते बघा. मधोमध नसेल तर आधी ते सुधारा, बाकी चर्चा मग.

पडवीचा स्वतःचाही एक दोष आहे आणि तो पुशच्या बाजूला ढकलतो. उतरत्या कौलांखाली उभं राहिलं की वाशाला क्लब लागेल या धास्तीने माणूस नकळत स्विंग आडवा करतो. आडवा स्विंग आतून येतो, आणि चार महिने रोज तसा केला की हाडात मुरतो. म्हणून कौलांखाली पूर्ण स्विंग करूच नये. वेज (अगदी जवळच्या फटक्याचा क्लब) घ्यावा, कंबर ते कंबर एवढाच अर्धा स्विंग करावा. ड्रायव्हर फिरवायचा असेल तर उघाड बघून खळ्यात या. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मात्र नको. पावसाळ्यात सडा मखमलीसारखा हिरवा दिसतो, पण गवताखाली दोन बोटांवर जांभा असतो. क्लब त्याला थडकला की मनगटातून कळ जाते आणि क्लबचा तळ कायमचा खरवडतो.

वाट तपासायला पुळणीसारखी जागा नाही. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू बघा, समुद्र खवळलेला असेल तर पाण्यापासून लांब राहा, आणि चेंडू मुळीच नेऊ नका, माणसं आणि होड्या असतात. काठीने लक्ष्याच्या दिशेला एक लांब रेघ ओढा, तिला छेदणारी दुसरी आडवी रेघ ओढा. सात नंबरच्या आयर्नने, चेंडू दोन रेघा छेदतात तिथे आहे असं समजून स्विंग करा. वाळूत पडलेला चर तुमची वाट दाखवतो. चर लक्ष्याच्या किंचित डावीकडे झुकलेला असला तर चालतं, क्लब खाली येत असताना असं होणारच. चांगलाच डावीकडे तिरका गेला असेल तर स्लाइसवाली वाट. उजवीकडे गेला असेल तर पुशवाली. शिवाय चर आडव्या रेघेच्या मागे सुरू होत असेल तर चेंडूआधी जमीन लागतेय, हेही फुकटात कळतं. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सुकवून ठेवा. खाऱ्या हवेत वेजवर दोन दिवसांत तांबेरा धरतो.

निदान झालं की उपायांना फार वेळ लागत नाही, सरावाला लागतो. दोघांसाठी एकच साधन पुरतं: नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल. स्लाइसवाल्याने ते चेंडूच्या वीतभर मागे आणि थोडं पलीकडे, म्हणजे आपल्यापासून लांब ठेवावं. क्लब बाहेरून आला तर सोडण उडतं. पुशवाल्याने तेच सोडण चेंडूच्या मागे, पण अलीकडे, आपल्या पायांच्या बाजूला ठेवावं. क्लब फाजील आतून आला तर उडतं. जागा वीतभर बदलली की औषध बदललं.

स्लाइसवाल्याने त्याआधी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पकड, बघावी. चेंडूपाशी उभं राहून खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांची एकच गाठ दिसत असेल तर तोंड उघडं राहणारच. हात थोडा उजवीकडे फिरवून दोन-अडीच गाठी दिसू द्या. पावसाळ्यात क्लबच्या मुठीच्या रबरावर बुरशीचा बुळबुळीत थर धरतो, मग माणूस क्लब आवळून धरतो, मनगटं ताठ होतात आणि तोंड बंद व्हायला उशीर होतो. ते रबर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने घासून काढा, निम्मा आवळा आपोआप सुटतो.

पुशवाल्याला ग्रिप सहसा बदलावी लागत नाही. त्याने दोन गोष्टी तपासाव्यात. एक, आपण उभे कुठे बघून राहतो. पडवीत फरशी असेल तर तिची सांध ही आयती रेघ. पावलांची बोटं तिला समांतर ठेवा आणि कुणाला तरी मागून खांदे बघायला सांगा. कितीतरी पुश हे उजवीकडे नेम धरून मारलेले सरळ फटके असतात. दुसरी गोष्ट, चेंडू पायांत फार मागे तर नाही ना. क्लब गोलाईत फिरतो. गोलाईच्या तळाआधी तो अजून बाहेर, उजवीकडे चाललेला असतो, म्हणून मागे ठेवलेला चेंडू त्याला तिथेच भेटतो. ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, मधल्या आयर्नसाठी मध्याच्या थोडा पुढे. तरीही चेंडू उजवीकडे जात असेल तर कंबर वळण्याऐवजी लक्ष्याकडे सरकत असते, पण ते आरशासमोर किंवा मोबाइलवर चित्रण करून बघावं, अंदाजाने नव्हे.

दोन्ही एकत्रही असू शकतात. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळणारा पुश-स्लाइस जाळ्यात पुशसारखाच दिसतो. वाळूतला चर सरळ आणि जाळ्यातले चेंडू उजवीकडे, असं दिसलं तर वाट सोडा आणि तोंडाकडे, म्हणजे ग्रिपकडे वळा.

पाऊस ओसरून मोकळ्यावर पहिले फटके माराल तेव्हा ते सकाळी मारा. रात्रीचे मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात. दुपारी समुद्रावरून वारा आला की उत्तरेकडे मारलेला सरळ पुशसुद्धा उजवीकडे वळल्यासारखा दिसतो, आणि दक्षिणेकडे मारलेल्या स्लाइसला तोच वारा सावरून धरतो. आधी नऊ नंबरचे दहा चेंडू, मग ड्रायव्हरचे दहा, दोन्ही एकाच खुणेवर. चेंडू कुठे पडला यापेक्षा कुठून निघाला ते कुणाला तरी मागे उभं करून सांगायला लावा.