आवाज येतो, शब्द कळत नाहीत

माझ्या आजीला कमी ऐकू यायचं आणि आम्ही सगळे तिच्याशी ओरडून बोलायचो. एकदा ती वैतागून म्हणाली, "ओरडू नका रे. आवाज येतो मला, शब्द कळत नाहीत." म्हातारपणाची कुरकुर म्हणून आम्ही ते सोडून दिलं. पुढे कानाविषयी वाचायला लागलो तेव्हा कळलं, आजीने अंतःकर्णातल्या बिघाडाचं अगदी नेमकं वर्णन केलं होतं.

अपंगत्वाचे प्रकार आपण अवयवांवरून पाडतो: डोळा, कान, हातपाय, बुद्धी, मन. कारणं मात्र या कप्प्यांत बसत नाहीत. पोलिओत पाय लुळा पडतो, पण विषाणू मारतो ते मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींना. सेरेब्रल पाल्सीत हातपाय ताठरतात, इजा झालेली असते ती वाढत्या मेंदूला. गरोदरपणी आयोडीन फार कमी पडलं तर बाळाची बौद्धिक वाढ खुंटते, 'अ' जीवनसत्त्वाअभावी मुलांचे डोळे जातात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात. शिवाय मोतीबिंदू, मधुमेह, पक्षाघात आणि अपघात आहेतच. धडधाकट माणसाला ते कुठल्याही वयात गाठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहा माणसांत एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो.

या सगळ्यांत मी कान निवडतो, कारण जनुक, विषाणू, औषध, गोंगाट आणि वय ही सगळी कारणं तिथे एकाच छोट्याशा जागेत भेटतात.

ती जागा म्हणजे कॉक्लिया, गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली, द्रवाने भरलेली नळी. तिच्यात केशपेशी असतात: आतल्या रांगेत सुमारे ३,५००, बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे सूक्ष्म केस असतात आणि आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला एका अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. ध्वनीने द्रव हलला की केस झुकतात, धागा ताणला जातो आणि त्याच्या टोकाशी असलेलं दार उघडतं. सगळी यांत्रिक गंमत एवढीच: दोरी ओढली, दार उघडलं. केस एका नॅनोमीटरहून कमी हलला तरी चालतं.

दारातून आत शिरतं पोटॅशियम. शाळेत शिकलेलं आठवत असेल तर इथे खटकायला हवं, कारण शरीरात इतरत्र पोटॅशियम पेशीच्या आत जास्त आणि बाहेर कमी असतं. कॉक्लियातल्या या द्रवात मात्र ते ठासून भरलेलं असतं आणि द्रवाचा विद्युतदाब सुमारे +८० मिलिव्होल्ट राखलेला असतो. पेशीचा आतला भाग ऋण. त्यामुळे दार किलकिलं झालं तरी पोटॅशियम वेगाने आत घुसतं, आतल्या रांगेतली पेशी रसायन सोडते आणि श्रवणचेता मेंदूला कळवते. बाहेरच्या रांगांचं काम निराळं. त्या पेशी संदेश मिळताच सेकंदाला हजारो वेळा आखडतात आणि लांबतात, आणि मंद आवाजाच्या लहरीला आणखी जोर देतात. कानातला ध्वनिवर्धक त्याच.

आता आजीकडे येऊ. नळीच्या तोंडाशी वरच्या पट्टीचे आवाज ओळखले जातात, आत टोकाशी खर्जाचे, आणि वयाने किंवा गोंगाटाने आधी मरतात त्या तोंडाजवळच्या पेशी. बोलण्यातले स्वर बहुतांशी खालच्या पट्टीत असतात. 'स', 'त', 'फ' यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत. म्हणून 'सात', 'हात' आणि 'पाच' यांतला 'आ' पोचतो, बाकीचं पुसट होतं. ओरडून फायदा नाही, कारण ओरडताना आपण स्वरच ताणतो. वर बाहेरच्या पेशी गेलेल्या असल्या की मंद आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो, आणि तो सोसवत नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोललेलं जास्त कळतं.

बाकी कारणंही याच यंत्रात अडकतात. जेंटामायसिन, अमिकासिन या गटातली प्रतिजैविकं जीव वाचवतात, पण त्याच दारातून केशपेशीत शिरतात आणि तिला मारू शकतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागेची एक मान्य मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत गेलं तर १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. गेलेली केशपेशी माणसात परत उगवत नाही. पक्ष्यांत उगवते.

जन्मजात बहिरेपणाबद्दल मला सर्वांत जास्त चीड येते ती दोष देण्याची. आईने काय पाहिलं, कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचं कुठलं पाप. कनेक्सिन-२६ हे प्रथिन पोटॅशियम परत फिरवायला मदत करतं. त्याच्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आईवडील दोघांकडे असली तरी दोघांना उत्तम ऐकू येतं, आणि दर गर्भारपणी बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. यात पाप कुठे आलं? आणि जन्मजात म्हणजे आनुवंशिक असंही नव्हे. गरोदरपणी रुबेला झालेल्या आयांच्या बाळांत मोतीबिंदू दिसतो, हे ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवलं. त्याच विषाणूने बाळं बहिरीही होतात, हेही लवकरच स्पष्ट झालं. तो लशीने टळतो.

कानात थेंब टाकून केशपेशी जिवंत करण्याच्या जाहिरातींना काहीही आधार नाही. २०२४ साली जनुकोपचाराने काही मुलांना ऐकू येऊ लागल्याचं प्रसिद्ध झालं ते खरं आहे, पण तो उपचार ओटोफर्लिन या, आतल्या पेशींना रसायन सोडायला लागणाऱ्या, एकाच प्रथिनाच्या जनुकावर होता. केशपेशी मेल्या असतील तर कॉक्लियर इम्प्लांट हे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र त्यांना वगळून थेट श्रवणचेतेला विद्युत संदेश देतं. सांकेतिक भाषा ही तर स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. दोन्हींसाठी मूल जितकं लहान तितकं बरं.

म्हणून तपासणी जन्मानंतर लगेच हवी, आणि ती झोपलेल्या बाळावरही होते. बाहेरच्या पेशी आखडतात तेव्हा कान स्वतःच अगदी बारीक आवाज करतो, हे शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवलं. यंत्र बाळाच्या कानात टिकटिक सोडतं आणि परत येणारा तो आवाज टिपतं. ओटोफर्लिनचा दोष असलेल्या बाळात मात्र बाहेरच्या पेशी शाबूत असल्यामुळे हा आवाज येतो आणि तरी बाळाला ऐकू येत नसतं. त्यासाठी श्रवणचेतेपासून मेंदूपर्यंतचा संदेश मोजणारी दुसरी चाचणी असते, आणि जन्मल्यावर अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांची तीही करायला हवी.